गेनियाची जड नामं

गेनियाला इंग्रजी येत नव्हतं तोवर तिला नात परत मिळायची आशा होती, असं मी म्हटलं की सेवेरिन मास्तर माझ्याशी आठवडाभर बोलत नाहीत. न बोलोत. जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि कुणाची भीड धरून गप्प बसायचा माझा स्वभाव नाही.

गेनिया म्हणजे गेनोवेफा पिएत्राशिक. वोशित्से या पोलिश गावात तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर, आणि कामही एकाच ठिकाणी, अळंबीच्या शेडमध्ये. आमच्या भागात बाईच्या जातीला दुसरं काम आहेच कुठे! एकावर एक फळ्या, फळ्यांवर ओली काळी माती, मातीत पांढरी डोकी. चाकाच्या गाड्यावर उभं राहून वरच्या फळीपर्यंत जायचं, अळंबी बोटांत धरून हलकेच पिळायची, देठ कापायचा आणि खोक्यात ठेवायची. खताचा वास केसांतून जात नाही. रविवारी चर्चमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसलो की पुढचे लोक मान न वळवता आम्हाला ओळखतात. गेनियाचा हात इतका हलका की तिच्या खोक्यातल्या एकाही अळंबीवर बोटाचा डाग सापडायचा नाही. जीभ मात्र तिची हलकी नव्हती. मुकादमाला ती तोंडावर म्हणायची, "तुमच्यापेक्षा ही अळंबी बरी, हिला निदान डोकं तरी आहे."

नवरा लुत्स्यान खताच्या ढिगाऱ्यावर काम करून करून छातीच्या दुखण्यानं गेला. एकुलती एक मुलगी मार्झेना, ती सगळ्यांच्या मुली जातात तशी इंग्लंडला गेली आणि तिथल्या कारखान्यात सॅलड पिशव्यांत भरू लागली. तिथेच तिला कालिना झाली. बापाचं नाव मार्झेनानं कधी काढलं नाही आणि गेनियानंही कधी विचारलं नाही. उन्हाळ्यात मायलेकी यायच्या. कालिना अंगणात पळायची, बेरी भरलेले पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, खाऊन जांभळ्या तोंडानं जिने चढायची आणि माझ्या दारावर थापा मारून ओरडायची, "वियेशामावशी, बाब्चा म्हणते तुझ्याकडे मीठ आहे का?" मीठ बाब्चाकडे, म्हणजे तिच्या या आजीकडे, असायचंच. पोरीला जिना चढायचा असायचा, एवढंच.

एका थंडीत मार्झेना कामाच्या पट्ट्यापाशी उभी होती ती तिथेच कोसळली. डोक्यातली शीर फुटली म्हणे. शवपेटी गावी आली, पोर आली नाही. तिकडे असा नियम की ज्याला आई नाही, बाप नाही, त्या पोराचं काय करायचं ते सरकारी खातं ठरवतं, आणि ठरेपर्यंत पोर परक्या घरी ठेवतात. आजी आहे, घर आहे, हे त्यांना आधी पटवून द्यायला लागतं. आपल्याच रक्ताची पोर, आणि आपल्यालाच परीक्षा!

पहिली मुलाखत फोनवर झाली. खात्यानं दुभाषी म्हणून तिकडे राहणारी आपलीच एक पोरगी दिली होती. गेनियाला विचारलं, मुलगी गेल्यापासून तुमचं कसं चाललंय? गेनियानं सांगायला सुरुवात केली. पेटी विमानातून कशी उतरवली, मार्झेनाच्या अंगात कुणी परक्याने घातलेला झगा कसा होता, त्यावर एक बटण कमी होतं आणि ती लेकीला तसंच पुरून आली. ती बोलली, रडली, पुन्हा बोलली. मग दुभाषी पोरगी इंग्रजीत काहीतरी म्हणाली. एवढंसं वाक्य.

गेनियानं फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "वियेशा, मी काळीज काढून दिलं आणि त्या पोरीनं त्याची काय चिमूटभर पूड करून तिकडे दिली गं. 'दुःखी आहे' म्हणाली. एवढं मलाही कळतं. दुःखी तर माणूस मांजर मेल्यावरही होतं."

"मेली कामचुकार असेल," मी म्हटलं. "तासावर पैसे घेत असेल आणि शब्द वाचवत असेल."

"पुढच्या वेळी मध्ये कुणी नको. मी स्वतः बोलणार."

साठीला आलेली बाई, इंग्रजीतले 'गुड मॉर्निंग'सारखे चारदोन शब्द येतात, आणि म्हणे स्वतः बोलणार! पण गेनियाच्या डोक्यात एकदा शिरलं की ते खुडून काढणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. ती सरळ सेवेरिन मास्तरांकडे गेली.

मास्तरांनी अर्धी हयात शाळेत रशियन शिकवली. मग राजवट बदलली, रशियन कुणालाच नकोशी झाली, आणि शाळेनं मास्तरांना सुट्टीत वर्गाला पाठवून इंग्रजीचे मास्तर केलं. पोरांच्या एक धडा पुढे राहून त्यांनी उरलेली नोकरी काढली. बोलायला त्यांनाही फारसं येत नाही, पण शब्दकोश मात्र तोंडपाठ. विधुर माणूस, नीटनेटका, घरातही टाय लावून बसणारा. गेनिया लोणच्यातल्या अळंबीची बरणी घेऊन गेली आणि म्हणाली, "मास्तर, बाजारात बोलायचं इंग्रजी मला नको. ते मार्झेनाला येत होतं, त्यानं तिचं काय भलं झालं? मला कचेरीत बोलतात ते द्या. मोठे शब्द."

"मोठे म्हणजे?"

"जे ऐकल्यावर समोरची बाई खुर्चीत ताठ बसेल असे."

मास्तर म्हणाले, "मग नामं घ्या, गेनोवेफाबाई. क्रियापदं माणसाला धावायला लावतात. नामं घरातल्या कपाटासारखी उभी राहतात. तुमचं घर नामांनी भरू."

सुरुवात फुकटात झाली. शेपटी बदलली की आमचीच वाटणारी पुष्कळ नामं इंग्रजीत आहेत. सिच्युएशन, इन्फर्मेशन, अ‍ॅडॉप्शन. गेनिया खूश. "मास्तर, हे तर आमच्याकडचेच, नुसता परका कोट घातलाय!" मग फुकटचे शब्द संपले आणि खरी चढण लागली. गार्डियनशिप, अपब्रिंगिंग, वेल्फेअर, बिरीव्हमेंट. जीभ कुठे लावायची तेच कळेना. आणि त्यांच्यात काही नामं अशी की जी मोजायचीच नाहीत. सल्ला मोजायचा नाही म्हणे, सामान मोजायचं नाही. "सल्ले मोजायचे नाहीत?" गेनिया उसळली. "माझ्या नणंदेनं दिलेले मोजून दाखवू का?"

सगळ्यांत ती अडली ती लिंगाशी. आमच्याकडे दुःख पुरुष आहे, निराशा बाई आहे, आणि दुर्दैव मुलासारखं, ना बाई ना पुरुष. इंग्रजीत सगळी एकाच रांगेत उभी. गेनिया म्हणाली, "यांना ना आई ना बाप. अनाथाश्रमातली पोरं." बोलून गेली आणि मग तिचं तिलाच कळलं. मास्तरांनी चष्मा पुसायला काढला. मी चहाचे ग्लास उचलून आत गेले.

पुढे ती शेडमध्येही नामं घोकू लागली. वरच्या फळीवर अंधारात अळंबी पिळायची आणि पुटपुटायची, "रिस्पॉन्सिबिलिटी... स्टॅबिलिटी... अ‍ॅटॅचमेंट..." बायकांना आयतीच करमणूक.

"काय गं गेनिया, अळंबीला इंग्रजी शिकवतेस का? डब्यातून तिकडेच जायचीय तिला!"

"राणीसाहेब, खाली उतरा, गाडा हवाय."

ती उतरायची नाही. एकदा मुकादमच म्हणाला, "असू दे गं, निदान मला शिव्या देत नाही तेवढा वेळ."

मग एक दिवस तिनं मास्तरांकडे वेगळंच मागितलं. "कचेरीचे झाले. आता माझे द्या. ती दुभाषी 'दुःखी' म्हणाली ना, त्याच्या खाली काय काय आहे ते सगळं हवं." मास्तरांनी जाड शब्दकोश उघडला आणि एकेक काढून दिलं. ग्रीफ. अँग्विश. डेसोलेशन. मिझरी. एक्झॉश्चन. डिस्पेअर. गेनियानं ते शब्द असे उचलले की जणू तिचेच हरवलेले दागिने होते. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा जरा सैल झालेला मी पाहिला. आपल्या यातनेला पूर्ण मापाचं नाव मिळालं की माणसाला तेवढंच बरं वाटत असावं.

उन्हाळ्याच्या तोंडी खात्याची बाई संगणकावर समोरासमोर बोलणार असं ठरलं. दुभाषी हवा का, असं त्यांनी विचारलं होतं. गेनियानं स्वतःच्या इंग्रजीत कळवलं, नको. संगणक मास्तरांचा. गेनियानं केस सेट करून घेतले, लुत्स्याननं दिलेली पिन गळ्याशी लावली. मास्तर स्वयंपाकघरात दाराआड उभे, मी संगणकाच्या मागे स्टुलावर, हूं की चूं करायचं नाही या अटीवर.

पडद्यावरची बाई तरुण, गोड चेहऱ्याची. हॅरिएट नाव. तिनं हसून विचारलं, कशा आहात?

आता हे नीट ऐका, कारण सगळं इथेच झालं. आमच्याकडे कुणी 'कसं चाललंय' विचारलं तर 'छान' म्हणायची रीत नाही. 'छान' म्हणणारा एक तर प्यालेला असतो, नाही तर काहीतरी लपवत असतो. शिवाय बरं चाललंय म्हटलं की दृष्ट लागते. आमच्यात माणूस म्हणतो, "कसलं चालतंय, ओढतोय झालं." पाठ सांगतो, गुडघे सांगतो, सरकार, थंडी, महागाई सांगतो. मग समोरचा म्हणतो, "तुमचं काहीच नाही, माझं ऐका." असं दोघांचं रडगाणं एकमेकांत मिसळलं की ओळख झाली. नर्सशी, पाद्र्याशी, नव्या सुनेशी आम्ही असेच जवळ येतो. जो रडत नाही त्याला आम्ही घरात घेत नाही.

गेनियानं हॅरिएटला घरात घेतलं. "एक्झॉश्चन," ती म्हणाली. "मिझरी. लोनलीनेस." शब्द मला ओळखीचे होते, शेडमध्ये ऐकून ऐकून माझेही पाठ झाले होते. मग ती थांबली आणि हॅरिएटच्या पाठदुखीची वाट पाहू लागली. हॅरिएट म्हणाली, ऐकून वाईट वाटलं. आणि खाली बघून लिहू लागली. गेनियाला वाटलं, बाई लाजतेय, आपणच आणखी थोडं मोकळं व्हावं. म्हणून तिनं आणखी दिलं. डिस्पेअर दिलं, डेसोलेशन दिलं. समोरची जितकी कोरडी, तितकी ही जास्त ओतायला लागली.

हॅरिएटनं विचारलं, कालिना आली तर तुमच्या आयुष्यात काय होईल? गेनिया म्हणाली, "सॅक्रिफाइस. बर्डन." अहो, आमच्याकडे आईचं कौतुक आणखी कोणत्या शब्दांनी करतात? तिनं त्याग केला, तिनं ओझं वाहिलं. याहून मोठं आमच्याकडे काही नाही.

मग हॅरिएट म्हणाली, घर दाखवाल का? आता, आमच्याकडे पाहुणा आला की टेबल हॅमनं, हेरिंग माशानं, बिटाच्या कोशिंबिरीनं वाकलेलं असतं आणि घरची बाई म्हणते, माफ करा हं, काहीच केलेलं नाही. आतल्या खोलीला गेनियानं स्वतः लोण्याच्या रंगाचा हात दिला होता. नवा पलंग, त्यावर तिनं रात्रीचे डोळे फोडून शिवलेली पिवळी रजई, दप्तर अडकवायला खुंटी. शाळेत कालिनाचं नाव घालून आली होती. पण परक्या बाईसमोर आपली खोली मिरवायची म्हणजे काय! गेनिया ओशाळून हसली आणि म्हणाली, "दाखवण्यासारखं काही नाही. पॉव्हर्टी."

बोलणं संपलं. मास्तर आतून आले ते डोळे पुसतच. त्यांनी गेनियाचा हात हातात घेऊन ओठांना लावला. "गेनोवेफाबाई, एक नाम चुकलं नाही. एकसुद्धा!" आम्ही खसखशीचा केक कापला. मी म्हटलं, आता कालिनाला थंडीचे बूट घ्यायला लागतील.

गेनिया मात्र जरा खट्टू होती. "बाई चांगली आहे गं, पण कोरडी. मी एवढं सांगितलं, तिनं स्वतःचं एक दुखणं सांगितलं नाही."

"इंग्रज ती," मी म्हटलं. "त्यांना दुखणीच नसतात."

आम्ही तिघंही या गावची माणसं. आमच्यातल्या एकालाही काही खटकलं नाही.

निकाल शरदात आला. बटाटे काढायच्या सुट्टीहून पोरं शाळेत परतली होती. मास्तर मोठ्यानं वाचत होते आणि पोलिशमध्ये सांगत होते. आजीच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण आजी स्वतःच सांगते की ती घोर निराशेत आहे, तिच्यात त्राण उरलेलं नाही. भविष्याबद्दल तिनं आशेचा एक शब्द काढला नाही. मुलाला ती ओझं समजते. घर दारिद्र्यात आहे आणि मुलासाठी खोली दाखवता आली नाही. हे सारं ऐकताना गेनिया नुसती मान हलवत होती, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं होतं. पुढच्या ओळीवर मास्तरांनी कागद खाली ठेवला. मी म्हटलं, "वाचा की." त्यांनी वाचलं. आजीनं दुभाषी स्वतः नाकारला. तिचं इंग्रजी असामान्य समृद्ध आहे. स्वतःची अवस्था ती अतिशय अचूक शब्दांत मांडते, त्यामुळे गैरसमजाला जागा नाही.

मग गेनियानं विचारलं, "म्हणजे इंग्रजी चांगलं आहे म्हणते?"

"हो," मास्तर म्हणाले.

"आणि म्हणून पोर देत नाही."

मास्तरांनी पत्राची घडी घातली. तेव्हापासून मला त्या दुभाषी पोरीचा विचार येतो, जिला मी कामचुकार म्हणाले होते. ती तिकडे राहिली होती. गेनियाचं किती सांगायचं आणि किती स्वतःच्या घशात ठेवायचं हे तिला कळलं असेल. एवढंसं वाक्य होतं, पण त्या वाक्यात कालिना होती. आता हे कळून काय उपयोग!

मास्तरांनी अर्ज लिहिले. लोण्याच्या रंगाच्या खोलीचे फोटो पाठवले. आमच्या गावात सगळे असंच बोलतात, हे पाद्र्यानं सहीनिशी लिहून दिलं. उत्तर आलं, सभ्य आणि थंडगार: फोटो पाहिले. मूल आता नव्या घरात रुळलं आहे, त्याला पुन्हा उपटणं हिताचं नाही. तिथलं कुटुंब त्याला दत्तक घेत आहे. आजीला अधूनमधून पडद्यावर भेटता येईल.

गेनियानं शेडमध्ये पुटपुटणं सोडलं. बायकांनी थट्टा सोडली. मुकादम एकदा म्हणाला, "पिएत्राशिकबाई, मला शिव्या तरी द्या हो." तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि पुढची अळंबी पिळली. तिच्या खोक्यात आता डाग पडलेली अळंबी येऊ लागली. मास्तर रोजच्या वेळी येऊन बसायचे, चहा प्यायचे, शब्दकोश पिशवीतून काढायचेच नाहीत. त्या घरात बसवत नसे. निराशा ही बाई असते, असं आम्ही शिकलो होतो ना, ती जणू समोरच्या खुर्चीत येऊन बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती.

पहिली भेट त्याच्या पुढच्या वर्षी नाताळच्या सुमारास ठरली. गेनियानं केस केले, पिन लावली. मी पुन्हा त्याच स्टुलावर, पण या वेळी पडद्यासमोर, तिच्या शेजारी. कालिना आली. केस कानापर्यंत कापलेले, दोन दात पडलेले, गालावर लाली. शेजारी एक गोरी, लठ्ठशी, मायाळू बाई. तिचा राग करायचं मी ठरवून बसले होते, तेही जमलं नाही.

"कालिन्को," गेनिया म्हणाली. "माझी चिमणी ती. बाब्चाला ओळखलंस ना?"

कालिना हसली, दातांच्या डॉक्टरकडे पोरं हसतात तशी. मग तिनं हातातलं काहीतरी पुढे धरलं. मऊ, तपकिरी, नाक हलवणारं. इंग्रजीत भराभरा काही सांगू लागली, त्याचं नाव, तो काय खातो, कुठे लपतो. गेनिया पुढे झुकली. गार्डियनशिप तिला येत होतं, बिरीव्हमेंट येत होतं, वेल्फेअर येत होतं. पोरीच्या ओंजळीत काय आहे ते मात्र येत नव्हतं.

"वियेशा, काय आहे गं ते? उंदीर?"

"मला काय ठाऊक! लाड केलेला उंदीर दिसतो."

"मास्तर?"

मास्तर दाराशी उभे होते. त्यांनी मान हलवली. असलं नाव त्यांच्याही अभ्यासात कधी आलं नव्हतं.

मग गेनियानं सगळं इंग्रजी टाकून दिलं आणि आपल्या भाषेत बोलू लागली. सोनुले, दातुले कुठे गेले, भुकुली लागते का, थंडी वाजते का, खिडकीपाशी बसू नकोस. आमच्या भाषेत पोराशी बोलताना प्रत्येक शब्द लहान करता येतो. तिनं सगळे शब्द लहान केले, तळहातावर मावतील एवढे, आणि एकामागून एक पडद्याकडे सारले. कालिना शहाण्या पोरीसारखी ऐकत राहिली. मग तिनं शेजारच्या बाईकडे वळून हळूच इंग्रजीत विचारलं, "ती बाई काय म्हणतेय?"

मास्तरांनी आम्हाला सांगायला तोंड उघडलं. गेनियानं हात वर करून त्यांना थांबवलं.

"नको," ती म्हणाली. "समजलं मला."